अप्पा, तो क्लॅम्प तापलाच होता

अप्पा, तुम्ही गेलात ते गेलात, पण आपलं भांडण अर्धवट टाकून गेलात. हे काही बरं केलं नाहीत. तुमच्याशी भांडायला एक वेगळीच चव होती. आवाज मी चढवायची, तुम्ही नाही. कंट्रोल रूमच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून तुम्ही फक्त विचारायचात, "झालं का मॅडम तुमचं?" झालेलं नसलं तरी त्या प्रश्नापुढं माझा सगळा दारूगोळा सादळून जायचा.

भोकरजवळच्या त्या वीज उपकेंद्रात मी सहायक अभियंता म्हणून रुजू झाले, तेव्हा तुम्ही तिथले सगळ्यात जुने यंत्रचालक. माझ्या जन्माच्या आधीपासून तुम्ही स्विचयार्डात फिरत होता. मी आले ती हातात एक पेटी घेऊन. पेटीत थर्मल कॅमेरा होता. अख्ख्या उपविभागात एकच, आणि तो वापरायचं शिक्षण घेतलेली मीही एकटीच. माझे पाय त्या दिवशी जमिनीला लागत नव्हते, हे आता कबूल करते.

तुम्ही कॅमेरा उलटासुलटा करून बघितलात. पिस्तुलासारखी मूठ, वर छोटा पडदा. "कुणाला मारायचं हाय, मॅडम?"

मी समजावून सांगितलं. जोड सैल असला की तिथं वीज अडते आणि जोड तापतो. डोळ्याला ते दिसत नाही, यात दिसतं. गरम असेल ते पिवळंधमक, थंड असेल ते निळं-जांभळं. लांब उभं राहून, लाईट बंद न करता आजार कळतो. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "चांगलंय. आमी आजवर पालीवर काम भागवलं."

मला वाटलं थट्टा करताय. नव्हता करत. हिवाळ्यात पाली ज्या पेटीच्या मागं गोळा होतात ती पेटी आतून तापलेली असते, हा तुमचा सिद्धांत होता. ट्रान्सफॉर्मरचा आवाज तुम्ही तापलेल्या लेकराचा ऐकावा तसा ऐकायचात. "आज रडका वाजायलाय, लोड वाढला असंल." आणि लोड खरोखर वाढलेला असायचा. याचा मला फार राग यायचा. चार वर्षं शिकून, परीक्षा देऊन मी आले होते, आणि इथं पाल माझ्या बरोबरीनं काम करत होती.

पहिल्याच महिन्यात मी कॅमेऱ्याची अब्रू घालवली, ती आठवते ना? नवं पॅनल बसलं होतं, चकचकीत स्टीलच्या दाराचं. मी कॅमेरा धरला तर दाराच्या मधोमध एक गोल, पिवळा, तेजस्वी डाग. मी तिथूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, नवीन पॅनलमध्ये हॉटस्पॉट आहे, मोठा आहे." साहेब म्हणजे आपले उपकार्यकारी अभियंता. ते फोनवरच घाबरले. तेवढ्यात चहा आला म्हणून तुम्ही माझ्या मागून उठून खोलीच्या दाराकडं निघालात, तर पडद्यावरचा हॉटस्पॉटही उठून चालायला लागला. वायरमन गफूरभाई जमिनीवर बसून हसले. ते तुमचं टक्कल होतं, अप्पा. स्टीलच्या दारात पडलेलं तुमच्या टकलाचं प्रतिबिंब. तुम्ही चहाचा कप माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "साहेबांना सांगा, ह्या हॉटस्पॉटची आता रिटायरमेंट जवळ आलीय."

त्या टकलानं मला एक मोठी गोष्ट सांगितली होती. चकचकीत धातू कॅमेऱ्यापुढं आरशासारखा वागतो. स्वतःची उष्णता लपवतो आणि समोरच्याची दाखवतो. मी मात्र त्यातून एवढंच शिकले की फोटो काढताना अप्पांना मागं उभं करायचं नाही.

मग तो पावसाळा सरला आणि दसऱ्याच्या आधी आयसोलेटरवर, म्हणजे लाईन तोडायच्या मोठ्या स्विचवर, तारा पकडून ठेवणारे तिन्ही क्लॅम्प बदलले. नवे कोरे, आरशासारखे. चार दिवसांनी सकाळी सात वाजता तुम्ही मला यार्डात नेलंत. खाली उभं राहून वर बोट दाखवलंत. लाल आणि निळ्या फेजच्या क्लॅम्पवर दवाचे थेंब चिकटले होते. मधला, पिवळ्या फेजचा, कोरडा ठणठणीत.

"मॅडम, ह्यो तापायलाय."

मी कॅमेरा आणला. तिन्ही क्लॅम्प निळे. थंडगार. मी तुम्हाला पडदा दाखवला.

"दव खोटं बोलतंय का?" तुम्ही विचारलंत.

"कॅमेरा खोटं बोलतो का?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत. तुमची त्याची वळख."

हे असं आठवडाभर चाललं. रोज सकाळी तुम्ही मला कोरडा क्लॅम्प दाखवायचात आणि मी तुम्हाला निळा क्लॅम्प दाखवायची. शेवटी मी अहवालात लिहिलं, 'सर्व जोड सामान्य', आणि सही ठोकली. माझं प्रोबेशन चालू होतं. साहेबांना वरून रोज विचारणा होती, की एवढ्या महागाच्या कॅमेऱ्याचा उपयोग काय होतोय. कॅमेऱ्यापेक्षा दव बरोबर, असं मी कुठल्या तोंडानं लिहिणार होते?

आणि मग खंडेनवमी आली. शस्त्रांची पूजा करायची म्हटल्यावर आपली शस्त्रं म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर आणि गफूरभाईंची शिडी. सकाळी देखभालीसाठी तासाभराचा शटडाऊन होता. काम आटोपल्यावर तुम्ही पंचा खांद्यावर टाकून, रिटायरमेंटला आलेलं वय विसरून, स्वतः शिडीवर चढलात. झेंडूची माळ कुंपणाला, हळद-कुंकू पॅनलला, आणि तुमच्या घरचं भस्म पाण्यात कालवून त्या पिवळ्या फेजच्या क्लॅम्पला. तीन आडव्या रेघा, तुमच्या कपाळावर असायच्या तशाच. मी खालून ओरडले, "बाकीच्या दोघांना का नाही?"

"ते बरे हायत. दवा आजारी माणसाला देतेत."

लाईट चालू झाली. दुपारी शेतीपंपांचा लोड चढला. मी आपली हौसेनं पूजेचा एक फोटो काढावा म्हणून कॅमेरा वर धरला आणि पडदा पुसून पुन्हा बघितला. क्लॅम्प निळा, आणि त्याच्यावर तीन आडव्या रेघा पिवळ्याधमक पेटलेल्या. गफूरभाईंनी पडद्याकडं बघून हातच जोडले. तुम्ही मात्र भाविकासारखे वागला नाहीत. शाळामास्तरासारखं म्हणालात, "बघा. म्हटलं नव्हतं का?"

इथं अक्कल असलेला माणूस थांबला असता. भस्मानं चमक झाकली, म्हणून तेवढ्याच जागी खरी उष्णता दिसली, एवढं साधं होतं ते. मी थांबले नाही. मी निदान केलं: भस्म उन्हानं तापलंय आणि भस्मामुळं क्लॅम्प तापतोय.

"अवो मॅडम, पांढरं तापतंय का कुठं? लोकं उन्हाळ्यात पांढरं घालतेत."

"अप्पा, हे विज्ञान आहे."

"मी रोज कपाळाला लावतो. माझं कपाळ तापलंय का?"

मी कॅमेरा तुमच्या कपाळावर धरला. पिवळंधमक. "तापलंय की!"

"आता मात्र हद्द झाली," तुम्ही म्हणालात, आणि खुर्चीवर जाऊन बसलात.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, मी दहा मिनिटांचा शटडाऊन घेऊन गफूरभाईंकडून ते भस्म पुसून घेतलं. तुम्ही शिडी धरायला आला नाहीत. तुमच्याशी काम केलं त्या सगळ्या दिवसांत तेवढी एकच वेळ. क्लॅम्प पुन्हा चकचकीत झाला आणि कॅमेऱ्यात पुन्हा निळा दिसला. माझा सिद्धांत सिद्ध! मी आधीचा आणि नंतरचा, असे दोन फोटो जोडून अहवाल पाठवला. विषय होता, 'धार्मिक पदार्थांच्या लेपनामुळे विद्युत उपकरणे तापणे'. आता ते वाक्य लिहितानाही माझे कान तापलेत. तो अहवाल वर फार आवडला. उपकरणांना भस्म-कुंकू लावू नये, असं परिपत्रक निघालं. भोकरपासून बिलोलीपर्यंत प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर लागलं. आणि परिपत्रकाच्या पुढं पळत गेला तो किस्सा. भोकरच्या अप्पानं क्लॅम्पला भस्म लावलं आणि क्लॅम्प पेटला! हिमायतनगरचा ऑपरेटर फोन करून तुम्हाला विचारायचा, "अप्पा, आमचा ब्रेकर थंड पडलाय, थोडं भस्म पाठवता का?" तुम्ही म्हणायचात, "पत्ता सांगा." पण एकदा मी बघितलं, फोन ठेवल्यावर तुम्ही बराच वेळ तसेच बसून होता.

मी तेव्हाच काही बोलायला हवं होतं. बोलले नाही, कारण मला वाटत होतं माझंच बरोबर आहे.

पुढं माझं प्रोबेशन संपलं, कायम झाल्याची ऑर्डर आली. मी पेढे वाटले. तुम्ही पेढा तोंडात टाकून म्हणालात, "चला, तुमी पक्क्या झालाव, अन् क्लॅम्पबी." मला वाटलं, म्हातारा टोमणा मारायचं काही सोडत नाही. वर्षभरात तुम्ही निवृत्त होऊन उदगीरला गेलात. निरोपाच्या भाषणातही साहेबांनी भस्माचा किस्सा सांगितला. सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी सगळ्यात मोठ्यानं हसले.

दोन महिन्यांपूर्वी मला लातूरला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथल्या सरांनी टेबलावर स्टीलचा तांब्या ठेवला, त्यात उकळतं पाणी ओतलं आणि कॅमेरा धरायला सांगितलं. तांब्या निळा. मग त्यांनी त्याच तांब्याला काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावला. पट्टी पिवळीधमक. सर म्हणाले, "चकचकीत धातूवर विश्वास ठेवायचा नाही. आधी काहीतरी मॅट फासा, मग बघा. पट्टी फासा, रंग फासा, राख फासा." राख म्हटल्याबरोबर मला क्लॅम्पवरच्या तुमच्या त्या तीन रेघा आठवल्या. सगळे वहीत लिहून घेत होते आणि मी आपली त्या तांब्याकडं बघत बसले.

चहाच्या सुट्टीत मी तुम्हाला फोन लावला. काय बोललो आपण? तुमची शुगर, माझी बदली, उदगीरची तूर, तुमच्या नातवाचे दात. सात-आठ मिनिटं मी सगळ्या जगाचं बोलले आणि ती एक गोष्ट सोडून दिली. शेवटी तुम्ही म्हणालात, "मॅडम, काय बोलायचं असंल तर घरी या की. फोनवर लाजायलाव तुमी." मी म्हटलं, "दिवाळी झाली की येते, अप्पा." मनात म्हटलं, असं महत्त्वाचं समोरासमोर बोलावं. खोटं आहे ते. मला धीर झाला नव्हता, एवढंच.

दिवाळीला अजून दहा दिवस होते. गफूरभाईंच्या मोबाइलवर निरोप आला, अप्पा लिंगैक्य झाले. सकाळच्या पूजेला बसलात ते उठलाच नाहीत. आम्ही ऑफिसची जीप घेऊन उदगीरला निघालो. वाटेत मी गफूरभाईंना सांगून टाकलं, की तो क्लॅम्प खरंच तापलेला होता, मला आत्ता लातूरला कळलं. गफूरभाईंनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, मला तर तवाच म्हाईत होतं."

"कसं काय?"

"अप्पानं दिवाळीच्या शटडाऊनला खोलायला लावला ना! एक बोल्ट लांब होता. टोक जाऊन तळाला टेकलेलं. पान्याला घट्ट लागायचा, पर आत पकड न्हाई. आतून सगळा काळा पडलेला. साफ केला, बोल्ट बदलला, कसून टाकला. अप्पानं वहीत लिवलं, 'क्लॅम्पची साफसफाई केली.' बस."

"मग मला का नाही सांगितलं?"

"अप्पानं कसम घातली. म्हणले, पोरीचं प्रोबेशन चालू हाय, रिपोर्ट वर गेलाय. आता खोटा निघाला तर तिचं नुकसान. आपल्याला लोकं हसले तर काय अंगाला भोकं पडतेत?"

जीप चालू होती म्हणून बरं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि गफूरभाई उगाचच ड्रायव्हरशी टायरच्या हवेबद्दल बोलत राहिले. अप्पा, मला तुमचा इतका राग आला होता. भल्या माणसा, दसऱ्याला शिडी धरायला न येण्याइतकं दुखलं होतं तुम्हाला, आणि महिन्याभरात तुम्ही माझीच चूक गुपचूप कसून टाकलीत. वर पेढा खाल्लात.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तुम्हाला बसवलेलं होतं, कपाळभर भस्म लावून. काकूंच्या शेजारी मी जाऊन बसले. काकूच म्हणाल्या, "भोकरच्या मॅडम का तुमी? लातूरहून फोन केलता ना?"

"हो, काकू."

"फोन ठेवून हे लई खूश होते. म्हणले, तिला कळलं बघ. मी इचारलं, काय बोलली? तर म्हणले, काईच बोलली न्हाई, म्हणून तर कळलं."

मग त्यांनी माझा हात धरला आणि मला रडू आवरेना. मी सांत्वनाला गेले होते, अप्पा, आणि काकूंनीच मला पाणी दिलं.

गेल्या आठवड्यात नांदेडला ऑफिसात तुमची शोकसभा झाली. फोटो, हार, दोन मिनिटं शांतता. मग साहेब बोलायला उठले. साहेबांचा तुमच्यावर जीव होता, त्यात खोट नाही. सुरुवात चांगली केली, निष्ठा, सेवा, वक्तशीरपणा. मग गळा खाकरला आणि म्हणाले, "अप्पांचा विषय निघाला आणि भस्माचा किस्सा नाही सांगितला, असं कसं होईल?" सभागृह आधीच हसायला लागलं. तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर, अप्पा. प्रेमानंच हसत होते सगळे. पण हसत होते तुम्हाला, आणि चूक माझी होती.

साहेब शेवटच्या वाक्याला यायच्या आत मी उभी राहिले. मी म्हटलं, "साहेब, पुढचा किस्सा मी सांगते. तो तुम्हाला माहीत नाही."

आणि सगळं सांगितलं. दव, तांब्या, राख, लांब बोल्ट, कसम. सांगून झाल्यावर मी म्हटलं, "म्हणजे क्लॅम्प तापलेला होता. अप्पांचं निदान बरोबर होतं. एवढा महागाचा कॅमेरा हातात घेऊन मूर्ख ठरले ती मी. आणि त्या मूर्खपणाचं परिपत्रक निघालं."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हळूच म्हणाले, "मॅडम, त्या परिपत्रकाला शिफारस माझी आहे."

"मग आपण दोघं, साहेब."

पहिल्यांदा गफूरभाई फिस्सकन हसले. मग मागची रांग. मग हिमायतनगरचा तो ऑपरेटर डोळे पुसत हसला. का पुसत होता ते त्यालाच ठाऊक. साहेबांनी आजूबाजूला बघितलं, कपाळाला हात लावला आणि तेही हसायला लागले. शोकसभेत एवढं हसलेलं ऑफिसनं कधी बघितलं नसेल. शिपाई दारातून डोकावून गेला. परिपत्रकाचं कारण बदलायचा मसुदा साहेबांनी मलाच करायला सांगितलाय, तुमच्या नावासकट.

आता तो किस्सा सगळीकडं असाच जाईल, अप्पा. एक मॅडम होती, तिला दव दिसत होतं पण कळत नव्हतं. बिलोलीपर्यंत जाऊ दे, उदगीरपर्यंत जाऊ दे. लोक मला हसले तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, की हे मी त्या दिवशी लातूरहूनच का नाही केलं, याचं फार वाईट वाटलं. त्या फोनवर एवढं एक वाक्य बोलले असते, तर सगळ्यात आधी तुम्हीच हसला असता. आणि मला ते ऐकायला मिळालं असतं.